बोनेटखालची जागा

कारखान्यातून तयार होऊन आलेल्या मोटारीत प्रत्येक भागाची जागा आराखड्यातच ठरलेली असते. परंतु एका गाडीची चासी, दुसरीचे इंजिन आणि तिसरीचा गिअरबॉक्स अशा सुट्या भागांतून हाताने जुळवलेल्या गाडीत ती जागा शोधावी लागते. ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज ठेवणारे आणि दिवे, हॉर्न, वायपर यांना वीज पुरवणारे यंत्र, अशा गाडीत बसवू लागले की हा शोध खऱ्या अर्थाने कसाला लागतो.

बेळगाव-निपाणीच्या टापूत हातांनी यंत्र घडवण्याची परंपरा जुनी आहे. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडवले, आणि १९१० मध्ये त्यांचा कारखाना औंध संस्थानात गेल्यावरही बेळगावची लोखंडाशी जडलेली सोयरीक तुटली नाही. तेथील उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्या आणि लेथ आजही तिची साक्ष देतात. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडले, त्यामुळे जुनी जीप ही जन्मानेच जोडणीची गाडी म्हणता येईल. तिचे मूळ पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढवले, की मूळ आराखड्यात ज्याचा विचारच नव्हता असा ऐवज त्याच बोनेटखाली येतो आणि जागेचा प्रश्न उभा राहतो.

पूर्वीच्या गाड्यांत ऑल्टरनेटरचे काम करण्यासाठी डायनॅमो असे. चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवले की त्यात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले होते. डायनॅमोत वेटोळे फिरते, तर ऑल्टरनेटरमध्ये चुंबक फिरतो आणि वेटोळी स्थिर राहतात. स्थिर वेटोळ्यांतून निघणारी उलटसुलट वीज डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे घटक, सरळ करतात. १९६० मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट गाडीत हे यंत्र नेहमीचे म्हणून दिले, आणि डायनॅमोचे दिवस भरले. त्याचे कारण सीमाभागातील वाहनचालकाला सांगावे लागत नाही: गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागे रांगत जाताना इंजिन मंद चालते, दिवे मात्र पूर्ण लागलेले असतात, आणि अशा वेळी डायनॅमो बॅटरीला पुरेसे देऊ शकत नाही.

अडचण आकाराची आहे. डायनॅमो लांब आणि सडपातळ, ऑल्टरनेटर आखूड आणि पोट सुटलेला. म्हणून जुन्या जागी तो ठेवताच कधी इंजिनाच्या ब्लॉकला, कधी स्टिअरिंग बॉक्सला, तर कधी चासीच्या आडव्या पट्टीला भिडतो. येथे पुठ्ठ्याचा नमुना कापून आधी ब्रॅकेटचा आकार ठरवावा आणि मगच लोखंडाला हात लावावा, हे शहाणपणाचे. रबरी माउंटिंगवरील इंजिन चालताना, विशेषतः सुरू आणि बंद होताना, हेलकावे खाते, त्यामुळे थांबलेल्या गाडीत पुरेशी वाटणारी फट चालत्या गाडीत पुरत नाही. एक्झॉस्टची उष्णता डायोडना मारक असते, म्हणून त्या बाजूला जाणे टाळावे, आणि टाळता येत नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल द्यावी. सर्वांत कठोर नियम पट्ट्याचा: व्ही-बेल्ट आपल्या तिरप्या बाजूंनी पुलीला पकडतो, तेव्हा क्रँक, पंखा आणि ऑल्टरनेटर यांच्या पुल्या एका पातळीत नसतील तर तो एका अंगाने झिजतो, किंचाळतो आणि शेवटी उडतो. या पातळीसाठी लेथवर कातलेला योग्य जाडीचा स्पेसर हवा. वॉशरांची चळत तात्पुरती भासते तितकीच बेभरवशाची ठरते. ब्रॅकेट जाड असावा, कारण कंपनांनी पातळ पत्रा वेल्डिंगच्या कडेला तडकतो.

विजेच्या बाजूला दोन गोष्टींकडे लक्ष पुरवावे लागते. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव चासीला जोडलेला असे, नवे ऑल्टरनेटर बहुधा ऋण ध्रुव चासीला मानतात. बॅटरी उलटी लागली तर डायोड क्षणात जळतात. डायनॅमोसाठी ओढलेली बारीक तारही आता चालत नाही, कारण वाढलेला प्रवाह तिला तापवतो. नवा पट्टा पहिल्या काही फेऱ्यांत सैल पडतो, तेव्हा तो पुन्हा आवळून, सर्व दिवे लावून, इंजिन मंद ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर धरावे: बारा व्होल्टच्या गाडीत काटा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान स्थिर राहिला तर काम झाले, खाली घसरला तर ऑल्टरनेटरवर लहान पुली घालून त्याचे फेरे वाढवावे लागतात आणि पुल्यांची पातळी पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागते.