धागा तुटला की थांबणारा माग

टोयोटा म्हटले की आमच्या मालेगावात लोकांना आधी क्वालिस आणि मग इनोव्हा आठवते. लग्नाचे वऱ्हाड न्यायचे असो की हाजींना विमानतळावर सोडायचे असो, गाडी ठरलेली. पण या कंपनीचे मूळ मागात आहे, असे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुलांचा विश्वास बसेना. आमच्या उर्दू शाळेतील निम्म्याहून अधिक मुलांचे वडील मागावर काम करतात. मोटार आणि माग यांचे नाते त्यांना कोण सांगणार?

साकिची टोयोदा हा जपानमधील एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. जन्म १८६७ चा. घरात आई हातमागावर विणत असे. तिचे कष्ट कमी व्हावेत या ध्यासातून त्याने लाकडी हातमाग सुधारला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे १९२४ मध्ये त्याचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. माग चालू असतानाच त्यात धोटा बदलला जाई आणि उभा धागा तुटला की माग आपोआप थांबे. तुटक्या धाग्याचे कापड पुढे विणलेच जात नसे. आमच्याकडच्या साध्या मागावर ही राखण कारागिराच्या डोळ्यांना करावी लागते, आणि रात्रपाळीत डोळे थकतात, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही.

१९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने एक लाख पौंडांना घेतले. ही कंपनी लँकेशायरमधील ओल्डहॅमची. ज्या लँकेशायरच्या कापडाने हिंदुस्थानी विणकरांच्या तोंडचा घास काढला, तेच लँकेशायर एका सुताराच्या मुलाकडून शिकायला आले!

साकिची १९३० मध्ये वारले. त्यांचा मुलगा किइचिरो याने १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग सुरू केला. १९३५ मध्ये ट्रक, १९३६ मध्ये मोटार आणि १९३७ मध्ये टोयोटा ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. पण १९५० मध्ये ती बुडण्याच्या बेतात आली. संप झाला, सुमारे १,६०० कामगारांना घरी जावे लागले आणि किइचिरोने स्वतःही अध्यक्षपद सोडले. त्यानंतर कोरियन युद्धातील अमेरिकी सैन्याच्या ट्रकांच्या मागणीने कंपनी तरली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी गेला.

मागाचा नियम मोटारीच्या कारखान्यात रुजवला तो ताइइची ओनो यांनी. तेही कापड कारखान्यातूनच आलेले. तेथे कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. काही चुकलेले दिसले की साध्यातल्या साध्या कामगारानेही ती ओढायची. मुकादम धावत येई. दोष तेवढ्यात निघाला नाही तर सारी रांग थांबे. दोरी ओढणे हा गुन्हा नव्हता, ते कामच होते.

हा धडा खुद्द टोयोटाही विसरली. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्यावर २००९-१० मध्ये तिला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोचा नातू अकिओ टोयोदा याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केले, की कंपनी फार वेगाने वाढली. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने तेथे १२० कोटी डॉलर भरले.

आम्ही शिक्षक. आमच्या मनात हे सारे वर्गाकडे वळते. भागाकार न समजलेले मूल चौथीत जाते, पाचवीत जाते. धागा तिसरीत तुटतो आणि कापड दहावीत फाटते. मग लोक म्हणतात, मागवाल्यांच्या मुलांना डोकेच नसते! डोके असते. त्यांच्या हाताला दोरी नसते. ‘सर, समझ में नहीं आया’ असे म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो, आणि अभ्यासक्रम पुरा करायची घाई त्याला गप्प बसवते.

म्हणून यंदा आमच्या टेबलावर एक लहानशी घंटी ठेवली आहे. ज्याला समजले नाही त्याने ती वाजवायची, वर्ग तेथेच थांबतो. पहिले पंधरा दिवस कोणी हात लावला नाही. आता ती रोज वाजते. अभ्यासक्रम थोडा मागे पडला आहे. पडू द्या.