मानभावी कोण?

मराठीच्या तासाला ‘मानभावी’ शब्द आला की मुलं लगेच अर्थ सांगतात: वरून गोड, आतून कपटी. अर्थ बरोबर आहे. पण हा शब्द मुळात एका पंथाचं नाव होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘महानुभाव’ म्हणजे थोर अनुभवाचा माणूस. बोलण्यात त्याचं ‘मानभाव’ झालं आणि पुढं त्याचीच शिवी झाली.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जातिभेद आणि कर्मकांड नाकारलं, स्त्रियांना शिष्य केलं, धर्म मराठीत सांगितला. त्यांच्या आठवणींचा म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात. आपल्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर या पंथालाही पवित्र आहे. पुढं त्यांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. बाहेरच्यांना त्या वाचता येईनात. वेगळे विचार, काळी वस्त्रं, न कळणारी लिपी. संशयाला आणखी काय लागतं?

इंग्लंडातही असंच घडलं. चौदाव्या शतकात जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबल सामान्य माणसाच्या इंग्रजीत आणलं, पाद्र्यांच्या सत्तेला जाब विचारला. त्यांना ‘लोलार्ड’ म्हटलं गेलं. हा शब्द डच भाषेतला, अर्थ पुटपुटणारा. लॅटिनमधल्या ‘लोलियम’ म्हणजे पिकातल्या तणाशीही विरोधकांनी त्याचा मेळ घातला. तण म्हटलं की उपटणं आलंच. १४०१ मध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. विक्लिफ १३८४ मध्येच वारला होता, तर १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

आता आपल्या मोहल्ल्याकडं पाहू. नमाजेत कुणी ‘आमीन’ मोठ्यानं म्हटलं की मागून कुजबुज होते, ‘वहाबी आहे.’ तो स्वतःला अहले हदीस म्हणतो, पण ते विचारतो कोण? तोही मग दर्ग्यावर जाणाऱ्याला ‘बिदअती’ म्हणून मोकळा होतो. एकदा शिक्का बसला की सलाम तुटतो, सोयरीक मोडते, आणि समोरच्याचं म्हणणं ऐकायचं राहूनच जातं.

खरं तर ‘अल-वह्हाब’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक. अर्थ, भरभरून देणारा. ‘मानभावी’त थोरपण दडलंय, ‘वहाबी’त अल्लाहचं नाव. शिवी म्हणून तोंडात येण्याआधी एवढं तरी आठवावं. आणि माणसाला त्याचं नाव त्यालाच विचारावं.