एकवचनी

क्लिकरला एकच शब्द येतो. तळहातात मावणारी प्लॅस्टिकची डबी आणि तिच्या पोटात वाकवलेली पोलादी पट्टी, एवढाच त्याचा देह. अंगठ्याने दाबला की पट्टी लचकते आणि 'टिक्' होते, सोडला की पट्टी जागेवर येताना पुन्हा एक बारीक 'टिक्'. कुणाला राग आला म्हणून त्याचा आवाज चढत नाही आणि लाड करायचेत म्हणून तो लांबतही नाही. मालकाने दाबो की मोतद्दाराने, तो तेच आणि तसेच बोलतो. त्याच्या बोलण्याचा अर्थही एवढाच: आत्ता, या क्षणी जे केलेस ते बरोबर, आता तुझा खाऊ येतोय. हुकूम त्याला सोडता येत नाही. 'चल', 'थांब', 'मान खाली' हे शब्द त्याच्या भाषेत नाहीत. घोड्याने काही केल्यावरच तो तोंड उघडतो.

घराण्याने तो खेळण्यांतला. पोटाखालची पट्टी दाबली की टिकटिकणारे पत्र्याचे बेडूक जत्रेत मिळतात, ते याचेच भाऊबंद. इंग्रजी मुलखात याच खेळण्याला रातकिड्याचे नाव पडले. मोठ्यांच्या कामालाही तो लवकर लागला. 6 जून 1944 च्या पहाटे, अंधारातच, अमेरिकेच्या 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक नॉर्मंडीत उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मे कारखान्याचे पितळी क्लिकर होते. एक टिक् म्हणजे 'कोण?', उलट आलेल्या दोन टिक् म्हणजे 'आपलाच'. पुढे 1951 साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये प्राण्यांना कसे शिकवावे यावर सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला आणि खुणेचा आवाज म्हणून हेच खेळणे सुचवले. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड तर त्याआधीपासूनच अशा खुणेच्या आवाजावर कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत सगळ्यांना शिकवत होते.

या घराण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हवाईची हकिगत. 1963 च्या सुमारास तिथल्या सी लाइफ पार्कमध्ये कॅरेन प्रायर डॉल्फिन शिकवू लागल्या. तिथे टिक् नव्हती, शिट्टी होती. पण रीत तीच. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही, दोरीने बांधता येत नाही, चाबूक तर पाण्यात निरुपयोगीच. नको वाटले की तो पोहत दूर निघून जातो. त्याला राजी करावेच लागते. घोड्याच्या बाबतीत आपल्यावर ही वेळ कधी आली नाही, कारण आपल्या हाती मोहरकी होती, कडियाळे होते, टाच आणि चाबूक होता. हजारो वर्षे घोडा आपले ऐकत आला, आणि त्याची राजीखुशी विचारायचे राहूनच गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या अलेक्झांड्रा कर्लंड यांनी 1990 च्या दशकात ती विचारायला सुरुवात केली. घोड्यांच्या क्लिकर शिक्षणावरचे त्यांचे पुस्तक 1998 चे. त्यांनी तयार केलेली पांडा नावाची ठेंगणी घोडी पुढे एका अंध व्यक्तीला रस्त्याने सोबत करायची. अंधाने जिच्या भरवशावर रस्ता ओलांडावा, अशी घोडी भीती घालून तयार होत नाही.

अडेल घोडा म्हणजे काय, हेही इथे पाहिले पाहिजे. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना लोक चाल बघतात, दात बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात. लगाम दाखवल्यावर तो मान खाली घेतो की आढ्याला लावतो, हे कुणी फारसे विचारत नाही. मग घरी आणल्यावर कळते की हा पाय रोवून उभा राहतो, ट्रकच्या फळीवर चढत नाही, रानात सोडला तर हाती येत नाही. आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. माझे मत स्पष्ट आहे: असा घोडा बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो आणि ते ऐकून घ्यायची सोय आपण ठेवलेली नसते.

माझ्या माहितीतल्या एका पागेत अशी घोडी होती. लगाम दिसला की मान उंच, डोळ्यांत पांढरे. मोतद्दार मामा म्हणायचे, "ताई, हिला दोन माणसं लागतात. एक कान धरायला, एक लगाम चढवायला." पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिले तेव्हा दाढांना धारदार कडा आल्या होत्या आणि गालाला आतून जखम होती. दाढा घासल्या, जखम भरली. तरी मान उंचच राहिली, कारण दुखणे गेले तरी आठवण गेली नव्हती. क्लिकरचे काम इथून पुढचे. दुखणाऱ्या घोड्यापुढे तो वाजवणे हा अन्याय आहे.

सुरुवात कुंपणाच्या फाटकावरून झाली. घोडी आत, माणूस बाहेर, मध्ये दोरी नाही. हातात डब्याचे एक निळे झाकण. लाल रंग घोड्याला आपल्यासारखा दिसत नाही, निळा-पिवळा नीट दिसतो. झाकण तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरले. नवी वस्तू दिसली की घोडा हुंगणारच. नाक लागले, टिक्, आणि मग भिजवलेल्या चण्यांची चिमूट सपाट तळव्यावर. सपाट तळवा यासाठी की घोड्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण स्वतःच्या नाकाखालचे दिसत नाही. तिथे तो ओठांनी चाचपतो आणि चाचपताना बोट सापडले तर दोष त्याचा नसतो. पुन्हा झाकण, पुन्हा टिक्. थोड्या वेळात घोडीचे कान पुढे आले. आपल्या नाकाने आपण माणसाकडून काहीतरी घडवून आणतो, हे तिला उमगले होते. अडेल घोड्याच्या आयुष्यात ही फार मोठी घटना असते.

चणे कुठे आहेत हे कळल्यावर ती खिशाला नाक घासू लागली. मामांचा हात सवयीने तिला ढकलायला वर गेला, पण त्यांनी तो आवरला. नाक खिशावर असेपर्यंत क्लिकर गप्प. तिने क्षणभर मान दुसरीकडे वळवली, टिक्. आणि चणे हात लांब करून, तिची मान सरळ राहील असे, माणसापासून दूर दिले. काही दिवसांत ती खिसा विसरली. क्लिकर शिकवायला घेणाऱ्याने हा धडा सगळ्यांत आधी घ्यावा असे मी म्हणेन, नाहीतर चावरा घोडा तयार होतो आणि बोल खाऊला लागतो.

पुढे लगाम भिंतीवर टांगून त्याच्याशेजारी झाकण धरले. मग लगाम हातात, मग तिच्या नाकाजवळ, मग खांद्याला नुसता टेकवून. तिने मान खाली आणली की टिक्. वर नेली तर रागावणे नाही, पुढची पायरी नाही, मागच्या पायरीवर परत. शेवटी लगाम समोर उघडून धरायचा आणि तिनेच त्यात नाक घालायचे, इथवर गोष्ट आली. मामा आता एकटेच लगाम चढवतात.

बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट इथे आठवते. गणिते सोडवणारा म्हणून तो गाजला. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची न कळत होणारी हालचाल वाचत होता. घोडा आपल्याला असा अखंड वाचतो, आणि आपले शरीर त्याच वेळी दहा गोष्टी बोलत असते: घाई, धास्ती, कालचा राग. त्या गोंगाटात क्लिकरचा शब्द त्याला स्वच्छ सापडतो.

पण क्लिकरची सगळी पत दुसऱ्याच्या हातात आहे. तो बोलला की दाणा मिळालाच पाहिजे. चुकून अंगठा पडला तरीही. चार वेळा रिकामी टिक् झाली की त्याचा शब्द फुकट जातो. वेळही साधावी लागते: मान खाली असताना वाजला तर मान खाली शिकवतो, ती वर निघाल्यावर वाजला तर वर. म्हणून आधी घोड्याशिवाय सराव करावा. कुणाला तरी चेंडू टाकायला सांगावे आणि तो जमिनीला टेकताच टिक् करावी. माणसाला न ऐकू येणारे फार उंच पट्टीचे आवाजही घोडा ऐकतो. डबीच्या आवाजाला तो बुजला तर ती मोज्यात गुंडाळून खिशात दाबावी. दोन्ही हात गुंतलेले असतील तर जिभेचा टॉक् चालतो, फक्त टांगेवाल्यांचा 'चक् चक्' नको, कारण आपल्याकडच्या घोड्यांना त्याचा अर्थ 'चल' असा आधीच पाठ असतो.

माथेरानच्या वाटांवर पर्यटक वाहणारे, शर्यतीतून निवृत्त होऊन रायडिंग स्कूलमध्ये आलेले, वरातीपुरते सजणारे, असे कितीतरी घोडे आपल्याभोवती 'नको' म्हणत उभे आहेत. त्यांच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. आधी दात, पाठ, खूर आणि खोगीर तपासून घ्या. चणे रोजच्या दाण्यातून वजा करा, म्हणजे पोट बिघडणार नाही. पाठ थोडा वेळच चालवा, घोड्याला अजून हवासा वाटत असतानाच संपवा. आणि पहिल्या दिवशी तो फाटकापासून वळून निघून गेला, तर त्याला जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी झाकण घेऊन पुन्हा तिथेच उभे राहा.