सगळा वेग एकट्यालाच कशाला?

फोनवर एखादी मोठी फाइल उतरायला लागते आणि त्याच वेळी चाललेला व्हिडिओ कॉल तुटक होतो. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. घरातले म्हणतात, ‘नेट स्लो झालंय.’ बहुतेक वेळा नेट होतं तेवढंच असतं. एका ॲपने ते सगळं स्वतःकडे ओढलेलं असतं. क्लाउडमधल्या फाइली फोनवर आणणारी ॲप्स बनवणं हा हैदराबादेतला माझा व्यवसाय. फाइल वेगाने आणण्याइतकंच तिला कुठे आवरायचं हे कळणंही या कामात महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी इमारतींतले संगणकच. ॲमेझॉनची क्लाउड सेवा मुंबईत २०१६ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेतही सुरू झाली. नांदेडच्या फोनवर उघडलेली फाइल आता इथूनही जाऊ शकते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हैदराबाद ते मराठवाडा हा काही मिलिसेकंदांचाच प्रवास. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात, मोबाइलच्या टॉवरपाशी किंवा घरापर्यंत आलेल्या जोडणीवर. तिथे डेटाच्या पॅकेटांची रांग लागते. मोठं डाउनलोड ही रांग भरून टाकतं आणि कॉलची चिमुकली पॅकेटं मागे अडकतात. संभाषणात एका दिशेचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे गेला की तो जाणवू लागतो. फाइलला मात्र अर्धा सेकंद उशीर झाला तरी काही बिघडत नाही. ज्याला घाई नाही तो पुढे आणि ज्याला घाई आहे तो मागे, असा हा उलटा कारभार होतो.

इंटरनेटने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर होतं अवघं चारशे यार्डांचं. व्हॅन जेकबसन यांनी त्यामागची कारणं शोधली आणि १९८८ च्या शोधनिबंधात उपाय मांडला. गर्दीची चाहूल लागताच पाठवणाऱ्या संगणकाने स्वतःहून हात आखडता घ्यायचा. इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नियमावली, म्हणजे आजचं टीसीपी, याच शिस्तीवर चालतं. पण या शिस्तीत वाटणी होते ती जोडणीनुसार, माणसानुसार नाही. एका फाइलसाठी आठ जोडण्या उघडणारं ॲप साधारण आठ वाटे घेऊन जातं. म्हणून ॲपनेही स्वतःला मर्यादा घालावी लागते.

ती घालण्याची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे ‘टोकन बकेट’. एका बादलीत ठरलेल्या गतीने टोकन पडत राहतात. जेवढी टोकन तेवढेच बाइट वाचायचे. बादली रिकामी झाली की थांबायचं. सर्व्हरला वेगळं काही सांगावं लागत नाही. ॲप सावकाश वाचू लागलं की फोनमधली तात्पुरती साठवण भरते, ‘आता कमी पाठवा’ असा निरोप टीसीपीमार्फत आपोआप जातो आणि सर्व्हर हळू होतो. काही ठिकाणी सर्व्हरकडूनच ही मर्यादा घालून घेता येते. अलिबाबा क्लाउडच्या साठवण सेवेत फाइल मागतानाच वेगाची मर्यादा कळवता येते, आणि ती बिटमध्ये कळवायची असते. आठ बिटांचा एक बाइट, हे विसरलं की मर्यादा आठपट चुकते. दुसरी काळजी समांतर डाउनलोडची. चार फाइलींना चार वेगळ्या बादल्या दिल्या तर मर्यादा चौपट होते. बादली संपूर्ण ॲपसाठी एकच हवी.

मर्यादेची किंमतही मोजावी लागते. सेकंदाला ८ मेगाबिटने ५०० मेगाबाइटची फाइल सव्वाआठ मिनिटांच्या आसपास उतरते. मर्यादा २ मेगाबिट केली की तेहतीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जोडणी तुटू शकते. म्हणून फाइल तुकड्यांत मागायची, जोडणी तुटली तर राहिलेल्या बाइटपासून पुढे चालू करायची, आणि मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदललेली नाही ना, हे तिच्या ईटॅगवरून, म्हणजे आवृत्तीच्या ओळखखुणेवरून, तपासायचं.

वेग कमी केला म्हणून डेटा वाचत नाही. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमधून ५०० मेगाबाइट गेले ते गेलेच. आपल्याकडच्या अनेक पॅकमध्ये दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. मग पाच मेगाबाइटच्या पीडीएफला दहा मिनिटं लागतात. शिवाय मोबाइल डेटावर थेंबथेंब उतरणारं डाउनलोड फोनचा रेडिओ सतत जागा ठेवतं आणि बॅटरी खातं. अशा वेळी खरा उपाय म्हणजे वायफायची वाट पाहणं. त्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून डेटा सेव्हर आहे, आयफोनमध्ये २०१९ पासून लो डेटा मोड. वापरणाऱ्याने असा पर्याय चालू केला असेल, तर ॲपने त्याचा शब्द पाळलाच पाहिजे.

मग आवरायचं कधी? माझी कसोटी एकच: समोर कुणी वाट पाहतंय का? बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये उघडणाऱ्या मुलाचंच उदाहरण घ्या. तो धडा त्याला आत्ता हवा आहे. त्याला पूर्ण वेग द्यावा. एखादं ॲप उद्याचे धडे आज पडद्यामागे आणून ठेवत असेल, तर त्यांनी मागे राहावं, कारण अनेक घरांत फोन एकच असतो आणि त्याच वेळी त्यावर दुसऱ्या कुणाचं काम चालू असू शकतं. यासाठी लेडबॅट नावाची पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. रांगेतला उशीर वाढू लागला की ती स्वतःहून मागे सरते आणि वाट मोकळी झाली की पुन्हा वेग घेते. ठरावीक आकड्याच्या मर्यादेपेक्षा मला ही समज अधिक मोलाची वाटते.

आधी कुणाला वाट द्यायची या विचाराचं एक उदाहरण हैदराबादेतच आहे. इथली ‘इन्कॉइस’ ही संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे अंदाज आणि वादळाचे इशारे मच्छीमारांपर्यंत पोचवते. कोकणचा किनाराही त्यात येतो. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइलची रेंज संपते. म्हणून २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आलं. उपग्रहाकडून आलेला छोटा संदेश ते ब्लूटूथने फोनला देतं आणि ॲप तो प्रादेशिक भाषांत उलगडून दाखवतं. वाट इतकी अरुंद असताना आधी काय जायला हवं, हे तिथे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलं आहे. भरपूर वेग हाताशी असलेल्या आम्हा शहरी ॲपवाल्यांनी तो विचार सोडून देण्याचं काही कारण नाही.

आमच्या चाचण्यांत फाइल किती सेकंदांत उतरली, हे हटकून मोजलं जातं. ती उतरत असताना त्याच जोडणीवरच्या कॉलला किती उशीर झाला, हेही प्रत्येक नव्या आवृत्तीआधी मोजलं गेलं पाहिजे. आणि तो आकडा बिघडलेला असेल, तर कितीही वेगवान डाउनलोड नापास ठरलं पाहिजे.