यात्रेतला खडा आवाज

चैत्र वद्य पक्ष लागला की तेर गावी संत गोरोबाकाकांच्या यात्रेची चाहूल लागते. मला मात्र आधी आठवतो गायक प्रल्हाद शिंदेंचा आवाज. समाधी मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर खेळण्यांची, बत्ताशांची, बुक्क्याची पालं पडत. त्यांतल्या कॅसेटवाल्याच्या टेपवर दिवसभर शिंदेंची गाणी चालू असत. फीत गुंतली की तो कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून ती हळूहळू गुंडाळायचा. गाणं परत सुरू होईपर्यंत आम्ही पोरं तिथून हलत नसू.

शिंदेंच्या भरदार गळ्यात विठ्ठलाची गाणी होती, भीमगीतं होती, कव्वालीही होती. देवळात टाळ-मृदंगावर अभंग चालायचा आणि बाहेर ही गाणी. आम्हाला दोन्ही आपलंच वाटे.

२००४ साली ते गेले. पुढे त्यांची मुलं आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श यांनी गाणं चालवलं. आता हवं ते गाणं मोबाईलवर लगेच लागतं. तरी गर्दीत, अनोळखी माणसांना खेटून ऐकलेलं गाणंच माझ्यात मुरलं. भक्ती आणि स्वाभिमान एकाच गळ्यातून येऊ शकतात, हे मला त्याच आवाजाने शिकवलं. त्या शिकवणीचं ऋण मी आजही मानतो.