परतीच्या लोकलचा प्रश्न

सीसीएनपीच्या सरावात मल्टिकास्ट आलं की भल्याभल्यांची झोप उडते. एकच व्हिडिओ, पण हवा त्या सगळ्यांना पोचवायचा. कात्रपच्या घरी रात्री माझी लॅब अडली. साधा पिंग मस्त, व्हिडिओ मात्र पोचेना! नोकरी ठाण्यापर्यंत जवळ आणायची तर ही परीक्षा निघायलाच हवी.

मग 'शो आयपी आरपीएफ' दिलं. मल्टिकास्टमध्ये राउटर आधी विचारतो, पॅकेट आलं कुठून? सोर्सकडे परत जायला आपण जे दार वापरू, त्याच दारानं आलं असेल तर पुढे, नाहीतर कचऱ्यात. त्या दारावर लॅबवाल्यांनी मुद्दाम पिम हा मल्टिकास्टचा प्रोटोकॉल बंद ठेवलेला. चालू केला, व्हिडिओ धावला.

बदलापूरकराला यात नवल ते काय? नोकरी कुठली घ्यायची, हे आम्ही परतीच्या लोकलवरूनच ठरवतो!