पहिला तंबोरा

मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या मनुष्याकडे श्रोत्यांचे लक्ष सहसा जात नाही. गवई ताना घेतो, तबलजी समेवर येतो, पेटीवाला मान डोलावतो. टाळ्या पडतात त्या या तिघांच्या वाट्याला. तंबोरा आरंभापासून अखेरपर्यंत तेच सूर त्याच क्रमाने म्हणत असतो. परंतु गाणे ऐन रंगात आले असता तो क्षणभर थांबला, तर गवयाच्या पायाखालची वाळू सरकल्यासारखे होते. आपण कोठून निघालो होतो आणि कोठे परतावयाचे आहे, हे त्याला सांगणारे कोणी उरत नाही.

तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी जाड पितळी तार खालच्या षड्जाची. या चौथीला खर्ज म्हणतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालच्या सुरांचा आधार देण्याचे काम बास गिटार करते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या विजेच्या बास गिटारलाही चारच तारा होत्या. तथापि तिचे अंग भरीव लाकडाचे. म्हणून तिचा आवाज वाढविणारे यंत्र आणि त्याची भली मोठी पेटी निराळी विकत घ्यावी लागते. आमच्या तंबोऱ्याचे यंत्र त्याच्या अंगालाच जडलेले असते. ते शेतात वेलीवर वाढते, आणि त्याला भोपळा म्हणतात!

हा एवढा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. तो करावयास लाविला माझ्या पुतणीने. ती बारा वर्षांची आहे आणि साताऱ्यास एका बाईंकडे गाणे शिकते. दोन वर्षे ती फोनमधला तंबोरा लावून गात असे. बोटाने एक खूण दाबली की झाले. हवा तो सूर, हवा तितका वेळ. एके दिवशी बाईंनी सांगितले, "आता हिला स्वतःचा तंबोरा हवा. दुसऱ्याने लावून दिलेल्या सुरात किती दिवस गाणार?"

माझ्या भावाने रास्त प्रश्न केला, "जे फुकट मिळते आहे, त्यासाठी पैसे कशाला मोडावयाचे?" तो एका दुकानात हिशेब लिहितो, पैशाची किंमत त्याच्याइतकी घरात कोणाला ठाऊक नाही. मलाही त्याला उत्तर देता येईना. तेव्हा माझी आई उठली आणि तिने ट्रंकेतून एक पुरचुंडी काढली. ब्लाउज शिवून, काजे-बटणे करून वर्षानुवर्षे बाजूला टाकलेले ते वीस हजार रुपये होते. "यात बसेल तो आणा," ती म्हणाली, "आणि गाडीभाडेही यातच बसवा." आईचे डोळे आता सुईत दोरा ओवू देत नाहीत. ही रक्कम पुन्हा साठावयाची नव्हती, हे आम्हा सर्वांना कळत होते.

तंबोरा घ्यावयाचा तर मिरजेलाच जावयाचे, याविषयी मात्र मतभेद नव्हता. कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड मागे टाकीत गाडी उसाच्या मळ्यांतून धावू लागली आणि पुतणी खिडकीला नाक लावून बसली. मी तिला मिरजेची हकीगत सांगू लागलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या गावी फरीदसाहेब नावाचे एक शिकलगार राहत असत. शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी घडविणारे व त्यांना धार लावणारे कारागीर. राज्ये गेली, लढाया थांबल्या, तलवारींना धार लावून घेणारे उरले नाहीत. पण मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवई येत होते. त्यांची वाद्ये दुरुस्त करणारे कोणीतरी हवेच होते. फरीदसाहेबांनी तो धंदा हाती घेतला आणि मग स्वतःच सतारी व तंबोरे घडवू लागले. तलवार पारखणारे हात तार पारखू लागले. त्यांच्या वंशजांची व शिष्यांची घरे आजही मिरजेत हेच काम करतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे दुसऱ्या गावच्या वाद्याला आता मिरजेचे नाव लावता येत नाही.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, ते याच गावी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येथेच राहिले. १९३७ साली ते निवर्तले आणि येथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. आम्ही स्टेशनावरून प्रथम तेथेच गेलो. पुतणीने हात जोडले. कशासाठी जोडले ते मी विचारले नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट माजघरच होते. छताला भोपळे टांगलेले. काही हंड्याएवढे, काही घागरीएवढे. भिंतीशी तुणाच्या लाकडाच्या दांड्या रांगेने उभ्या. हवेत लाखेचा व ओल्या लाकडाचा वास. वयोवृद्ध कारागीर चटईवर बसून एका घोडीवर कानस फिरवीत होते. मी येण्याचे कारण व आमची रक्कम दोन्ही सांगून टाकली. खरेदीला जाताना खिशातला आकडा आधी सांगू नये म्हणतात. पण ज्याच्या हाताखाली शंभर वाद्ये गेली, त्याच्याशी लपंडाव खेळण्यात मला स्वारस्य वाटले नाही.

"हे भोपळे खातात का?" पुतणीने विचारले.

"नाही बेटा, हे कडू," ते हसले. "मंगळवेढ्याकडून, पंढरपूरकडून येतात. वेलीवर पिकू द्यायचे, वाळवायचे, मग कापून आतला गर साफ करायचा. फार जाड झाला तर मुका राहतो, फार पातळ झाला तर फुटतो."

त्यांनी तीन तंबोरे पुढे ठेविले. पहिला नवा, गळ्याशी पाने कोरलेला, दांडीवर पांढऱ्या नक्षीचे मोर. एके काळी अशी नक्षी हस्तिदंताची असे. हस्तिदंताला आता कायद्याने बंदी आहे, म्हणून ती प्लॅस्टिकची करतात. किंमत आमच्या रकमेच्या दुपटीहून अधिक. दुसराही नवा, पण साधा. तो तीन हजारांनी हातचा सुटत होता. तिसरा जुना. कोणा गवयाच्या घरून परत आलेला, रंग विटलेला, भोपळ्यावर बोटभर लांबीची सांधलेली चीर.

पुतणीची नजर मोरांवर खिळली होती. कारागिरांच्या ते ध्यानात आले. त्यांनी तोच तंबोरा उचलून तिच्या हाती दिला. तो उभा धरता धरता ती बिचारी मेटाकुटीस आली. खुंट्यांपर्यंत तिचा हात पोहोचेना. "हा मर्दानी आहे," ते म्हणाले. "भोपळा मोठा, दांडी लांब, तारा जाड. पुरुष काळी एक, काळी दोनमध्ये गातात, त्यांच्यासाठी. तू कशात गातेस?"

"काळी चार."

"मग तुला हा लहान बरा. मोर गात नाहीत, बेटा."

नंतर वाद्य कसे पाहावे याचा एक धडाच त्यांनी दिला. एक डोळा मिटून दांडी टोकाकडून बघावी. ती वाकलेली असेल तर पुढचे काही बघू नये. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, बोटाच्या पेराने हलके टिचकावे. आवाज मोकळा यावा. गळ्याचा सांधा नखाने चाचपावा. खुंटी फिरवून हात सोडावा. ती मागे सरकता कामा नये. सांधलेल्या चिरेला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. आतून नीट जोडली असेल तर ती भिववीत नाही. न जोडलेली केसाएवढी चीर मात्र एक दिवस भोपळा घेऊन जाते. जुन्या तंबोऱ्याची एक खुंटी सैल निघाली. कारागिरांनी ती काढली, तिला खडू घासला आणि पुन्हा बसविली. मग ती जागची हलली नाही.

पण खरा कारभार जवारीचा. घोडीचा माथा धारदार नसतो, सपाटही नसतो; त्याला कळेल न कळेल असा उतार असतो. छेडलेली तार त्या उताराला किंचित घासत थरथरते, आणि तार व घोडी यांमध्ये सुताचा एक दोरा सरकवून ते घासणे नेमके कोठे व्हावे ते ठरवितात. कारागिरांनी जुन्या तंबोऱ्याची घोडी काढली, दोनचार वेळा कानस फिरविली, पुन्हा तारा चढविल्या. दोरा नसताना तार कोरडी बोलत होती. त्यांनी दोरा रेसभर पुढे ढकलला, आणि त्या लांबट खोलीत जणू मधमाश्यांचे मोहोळ उठले.

"डोळे मिटून खर्ज ऐक," ते पुतणीला म्हणाले. "त्यात आणखी कोण बोलतो?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग चाचरत म्हणाली, "चाचा, गंधार ऐकू येतो. पण गंधाराची तार तर नाही!"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले की जणू तंबोरा विकला गेला! त्यांनी समजाविले ते असे. तार नुसती सबंध थरथरत नाही. त्याच वेळी ती आपल्या निम्म्यानिम्म्याने, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्श्यानेही थरथरत असते. खर्जाच्या पाचव्या हिश्श्यातून गंधार निघतो. तो कोणी लावलेला नसतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. जवारी चांगली असेल आणि तार बिनचूक लागली असेल, तरच तो प्रकट होतो.

मी मुद्दामच माझ्या भावाचा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. त्यांना राग आला नाही. "फोन वाईट नाही," ते म्हणाले. "प्रवासात मीही लावतो. पण हा पाहा." त्यांनी पुतणीला फोनमधला तंबोरा लावावयास सांगितले आणि खऱ्याच्या खर्जावर बोट टेकविले. फोनमधून पंचम आला, जोड आली. चौथ्या जागी नुसती एक चुणूक आली आणि गेली. काळी चारचा खर्ज सेकंदाला सुमारे १०४ वेळा थरथरतो. एवढा सावकाश सूर बाहेर पडावयाचा तर पुष्कळ हवा हालवावी लागते. फोनचा नखाएवढा पडदा ती कोठून हालविणार? "आणि दुसरे असे," ते म्हणाले, "फोन तुला सूर देतो. हा मागतो."

जुना तंबोरा सोळा हजारांस ठरला. घासाघीस मी केली नाही; पण कारागिरांनी आपण होऊन तारांचा एक जादा संच आणि दोऱ्याचे एक रीळ दिले. उरलेल्या पैशांत कापूस भरलेली जाड गवसणी घेतली. परतीच्या गाडीत तंबोरा खिडकीशी आणि आम्ही दोघे कडेला, अशी व्यवस्था झाली. रहिमतपूरला चढलेल्या एका गृहस्थांनी आत कोण आजारी आहे, असे हळूच विचारले.

घरी आल्यावर पहिले काही दिवस कठीण गेले. मणी खाली-वर सरकवून, खुंट्या पिळून चारही तारा मिळविण्यास तिला अर्धा तास लागे. कधी गाण्याची वेळ त्यातच संपून जाई. एकदा तार तुटली आणि ती रडली. आई तिच्याशेजारी बसून राही. शिवणयंत्राचा दोरा बिघडला की तीही अशीच तासभर जुळणी करीत असे. तिला त्यात वावगे काही दिसले नाही. महिन्याभराने अर्ध्या तासाची दहा मिनिटे झाली. भाऊ दुकानातून येऊन उंबऱ्याशी चपला काढी, आणि तारा मिळेपर्यंत बाहेरच उभा राही.

मग पावसाळा आला. साताऱ्याच्या पावसात अजिंक्यतारा दिवसचे दिवस दिसत नाही. लाकडाची काय कथा? खुंट्या फुगून घट्ट बसल्या, आणि जवारी एकाएकी बसकी झाली. गंधार नाहीसा झाला. पुतणीने दोरा पुढे सरकविला, मागे सरकविला. काही केल्या जमेना. अखेर तिने मिरजेस फोन लाविला, तो तंबोऱ्यापुढे धरला आणि चारही तारा सावकाश छेडल्या.

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. नंतर कारागिरांचा आवाज आला, "बेटा, यात मला खर्ज ऐकू येत नाही. तंबोरा घेऊन ये."

पुढच्या रविवारी आम्ही तिघे मिरजेच्या गाडीत बसलो. या खेपेस तिकिटे माझ्या भावाने काढली होती.